कमलमावशीचं बॉनेट

"मावशी, तुमी गाडी चाटून बघता, हे खरं हाय का?"

मी हे विचारलं तेव्हा माझ्या मागे, लिंबाच्या खोडाआड, संध्या आणि ऐश्वर्या तोंडात ओढणीचे बोळे कोंबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. सेनगावात रिसोड रोडला पत्र्याच्या शेडमध्ये कमलमावशी गाड्यांना पॉलिश करायची. काम झालं की बॉनेटवर वाकून, तोंड पार टेकवून काहीतरी करायची, ते आम्ही शाळेत येता-जाता बघायचो. संध्या म्हणे, चाटते. ऐश्वर्या म्हणे, पापी घेते. "नववीपर्यंत तोंडातून शब्द निघत नव्हता, आता वक्तृत्वात पहिली आली तर लई शहाणी झालीस. जा, विचार बरं," असं त्या म्हणाल्या आणि मी गेले. तालुक्याची ढाल घरी आल्यापासून मला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती. दहावीचीसुद्धा.

मावशीनं वर बघितलं नाही. एका काळ्या जीपच्या दारावर तिचा हात गोल गोल फिरत होता. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला फडकं.

"व्हय," ती म्हणाली. "काळी जरा कडसर लागते. पांढरी गुळमट. तुला कोणती चाखायची?"

लिंबामागून फिस्सकन आवाज आला.

"त्या दोघींना बी बोलाव. जीप मोठी हाय, तिघींना पुरंल."

त्या दोघी दप्तरं सांभाळत पळाल्या. मला पळता आलं असतं, पण वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी पळत नसते. मी उभी राहिले.

"ये हिकडं. तोंड जवळ आण. जीभ आत ठेव आन् नुसता हा कर."

मी केलं. काळ्या रंगावर माझ्या श्वासाची वाफ धरली आणि कडेकडेनं आक्रसत नाहीशी झाली. एका जागी मात्र ती बोटभर रेंगाळली.

"दिसलं? थितं अजून तेलकट हाय. हात बराबर फिरला न्हाई. डोळ्याला दिसत न्हाई, वाफंला दिसते." तिनं तेवढीच जागा पुन्हा पुसली आणि मला परत हा करायला लावलं. यावेळी वाफ एकसारखी गेली. मला इतका आनंद झाला, की जणू जीप मीच बनवली होती.

पैज जिंकले, पैजेची बोरं खाऊनही झाली. पण मी शेडवर जायचं काही थांबले नाही. शाळा सुटली की मी घरी जाताना तिथे थांबायचेच. आईला सांगायचे, ज्यादा तास असतो. तसा तो होताच, फक्त शाळेत नव्हता.

शेडच्या लाकडी खांबाला एक खिळा होता आणि त्याला हिरव्या बांगड्या अडकवलेल्या असायच्या.

"ह्या कोणाच्या, मावशी?"

"माझ्याच. कामाला बसले की काढते. गाडीला ओरखडा पडते ना."

"काचेच्या बांगड्या रोज निघतात?"

"कासारणीला म्हणते, एक माप मोठ्या भर. ती म्हणते, कमलबाई, सैल बांगडी बरी दिसत न्हाई. म्या म्हणते, माझ्या हाताला न्हाई दिसत, पण गाडीला दिसते."

"आन् लोक काही म्हणत न्हाईत? हात मोकळे म्हणून?"

"म्हणतेत की. नवरा असून मोकळे हात. म्या म्हणते, नवरा शाळंपुढच्या टपरीत बसलाय, हात लावून बघून या."

तेव्हा मला कळलं, ज्यांच्याकडून आम्ही पाचवीपासून लिमलेटच्या गोळ्या घेत होतो ते नरसिंगकाका मावशीचे मालक. शेड मूळचं त्यांचंच. गाड्यांना रंग मारायचे, आणि त्यांच्या हातचा रंग म्हणजे आरसा, असं माझे पप्पासुद्धा म्हणायचे. तोंडाला फडकंही न बांधता ते फवारा मारत. छातीनं दगा दिला तेव्हा नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, रंगाच्या वासाला उभं राहायचं नाही. त्या दिवशी शेडमध्ये रूपसिंग नावाच्या माणसाची सवाऱ्या नेणारी वडाप जीप उभी होती. रंग मारलेला, पण घासून चमक आणायची बाकी. रूपसिंग दारात येऊन ओरडून गेला. पोरीला बघायला पाहुणे आणायचे आहेत, गाडी अशी नेऊ का म्हणे, अंगाला राख फासल्यागत?

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. भांडी घासता येत व्हती मला. जीप म्हंजे मोठं पातेलं." ती हसली. "लोक उभं राहून बघत. बाई गाडी घासून राहिली म्हणे. एवढी वर्षं चुलीपुढं भांडी घासली, तवा एक माणूस बघाया आला न्हाई."

तेव्हापासून गावातल्या गाड्यांना मेणाचं पॉलिश करायचं ते कमलमावशीनंच. जीपवाले, डॉक्टरांची गाडी, आमच्या शाळेतल्या सरांच्या गाड्या. मराठवाड्याच्या उन्हात मेण फार टिकत नाही, त्यामुळे दर महिन्याला गाडी तिच्याकडे यायचीच. पाळीनं माहेरी येणाऱ्या लेकींसारख्या गाड्या यायच्या आणि मावशी प्रत्येकीचं दुखणं ओळखून असायची. हिला मागच्या बाजूला बाभळीनं ओरबाडलंय, हिच्यावर कावळ्यानं घाण केली ती वेळेत पुसली नाही, हिचा मालक डिझेलच्या फडक्यानं पुसतो आणि मग धूळ बसते म्हणून रडतो.

आणि मग पेट्रोलपंपाशेजारी मुन्नाभाऊचं दुकान उघडलं.

मुन्ना आमच्याच गावचा. नांदेडला राहून काम शिकून आला होता. काचेचं दार, भिंतीवर लाल गाडीचं पोस्टर, विजेवर फिरणारं पॉलिशचं मशीन, आणि गावातल्या पहिल्या काही मोबाईलपैकी एक त्याच्या कमरेला. बाहेर फलक होता, पॉलिमर कोटिंग, एकदा लावा, दोन वर्षं विसरा. पप्पा त्या फलकासमोरून जाताना सायकल चालवत असल्यासारखी गाडी हळू करायचे.

आमची गाडी म्हणजे पांढरी मारुती. हिंगोलीच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतलेली, पण पप्पांच्या दृष्टीनं तिच्याइतकं नवं जगात काही नव्हतं. आईनं एकदा मेथीची पिशवी मागच्या सीटवर ठेवली तर पप्पांनी ती मांडीवर घेऊन गाडी चालवली होती. आणि याच गाडीची त्या वर्षी डोंगरकडा गावी खांदमळणी झाली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आम्ही मोठ्या काकांकडे गेलो होतो. मुंजाजीकाका बैलांचं आटोपून हळदीची वाटी घेऊन अंगणात आले आणि मारुतीपुढे उभे राहिले.

"व्यंकट, तुझा बैल हाच ना?"

"दादा, ती गाडी आहे," पप्पा म्हणाले.

"मंग? तुला वढतो का न्हाई? लेकराबाळांना शाळंत नेतो का न्हाई? ह्याचे खांदे कोणी मळायचे?"

आणि मळले. बॉनेटच्या दोन्ही बाजू, चाकांवरचे फुगवटे, चांगलं मनापासून, दोन्ही तळव्यांनी. वरून बॉनेटला तोंड लावून आवतणही दिलं. पप्पा थोरल्या भावापुढे कधी बोलत नाहीत. ते नुसते उभे राहिले, गालाला हळद लागलेल्या नवरदेवासारखे गप्प. आई मागच्या दारी जाऊन हसून आली.

परतताना रस्त्याची सगळी धूळ त्या तुपावर बसली. सोमवारी पप्पा शिकवायचे त्या शाळेत गाडी पोचली तेव्हा तिचं लग्न लागून गेल्यासारखं दिसत होतं. स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. एक सर म्हणाले, आता रबिंग मारून पॉलिमरच लावा. दुसरे म्हणाले, मेण बरं, जुनं ते सोनं. मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही काय करता ते बघतो, मग आम्हीही तेच करू." शाळेतल्या सगळ्या गाडीवाल्यांची हीच पद्धत. आधी कुणीतरी दुसऱ्यानं करून बघावं.

मला लगेच कळलं की हे नुसतं आमच्या गाडीचं राहिलं नाही. पप्पा मुन्नाकडे गेले तर त्यांच्यामागे सगळ्या गाड्या जाणार, आणि दोन वर्षं विसरणार. मावशीच्या शेडमध्ये मग उरणार काय? रूपसिंगची जीप?

म्हणून मी पप्पांना हट्टानं आधी मावशीकडे नेलं.

मावशीनं गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटजवळ थांबून पदर तोंडाला लावला. "आवतण दिलं व्हतं का सर?"

"दिलं," पप्पा म्हणाले.

"जेवाया काय घातलं?"

"पेट्रोल."

ती इतकी हसली की पप्पांनाही हसू आलं. पोळ्यापासून पहिल्यांदा.

"हळदीला हात लावू नका," ती म्हणाली. "ऊन हळद खाते. तूप तेवढं साबणाच्या पाण्यानं काढून देते, मंग रोज उन्हात उभी करा." आणि खरंच, आठवडाभरात पिवळेपणा उतरत उतरत नाहीसा झाला. पण तूप जिथे जिथे बसलं होतं तिथला रंग आता मंद दिसायला लागला, आंघोळ करून पावडर न लावलेल्या तोंडासारखा. दसरा जवळ आला होता. दसऱ्याला गावातल्या झाडून सगळ्या गाड्या धुऊन, हार घालून रस्त्याला लागतात. पप्पांना गाडी त्या आधी नीट करून हवी होती.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पप्पांनी सरळच विचारलं. "कमलबाई, तुम्ही या कामातल्या. मुन्नाचं पॉलिमर चांगलं की तुमचं मेण? खरं सांगा."

मी पप्पांच्या मागे उभी राहून मावशीला डोळ्यांनी खुणा करत होते. मेण म्हणा. मेण म्हणा. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिनं शेडच्या मागून एक जुनं बॉनेट ओढत आणलं. कुठल्यातरी मोडीत गेलेल्या गाडीचं, निळं. ते कायम मागच्या भिंतीला उन्हात टेकून असायचं, मी रोज बघायचे आणि मला वाटायचं भंगार आहे. त्याच्या मधोमध खिळ्यानं ओढलेली सरळ रेघ होती.

"पाडव्याला लावलं," ती म्हणाली. "ह्या अंगाला माझं मेण. ह्या अंगाला पॉलिमर. मुन्नानंच दिलं व्हतं बुचभर. म्या म्हणलं, दे रं जरासं, तुझं औषध बघू दे. देऊन टाकलं बिचाऱ्यानं. तवापासून म्या त्याला हात लावला न्हाई. सगळा उन्हाळा खाल्ला ह्यानं, सगळा पाऊस पेला."

तिनं तांब्या घेतला आणि बॉनेटवर पाणी ओतलं.

मेणाच्या अंगाला पाणी सारवलेल्या जमिनीवर पसरावं तसं पसरलं आणि रेंगाळत राहिलं. पॉलिमरच्या अंगाला त्याचे गोल गोल मोती झाले, अळूच्या पानावर होतात तसे, आणि भराभरा घरंगळून खाली पडले. माती भिजली. बॉनेटचा तो भाग कोरडा, निळा, चकचकीत.

मला त्या पाण्याचा राग आला.

"म्हणजे पॉलिमर," पप्पा म्हणाले.

"व्हय सर. मेण दर महिन्याला लावलं तर साथ देते. एकदा लावून सोडून दिलं तर उन्हाळ्यात वितळून जाते. हे टिकते."

"तुम्ही लावता का हे?"

मावशीनं तांब्या खाली ठेवला. मला वाटलं, आता हो म्हणेल.

"अर्ध्या बॉनेटवर लावलंय. अख्ख्या गाडीवर न्हाई," ती म्हणाली. "लावायच्या आधी रबिंगनं घासून वरचा मेलेला रंग काढावा लागते. कुठं किती घासायचं त्याच्यात सगळं हाय. तुमच्या गाडीचं डावं दार बघा, नंतर रंगवलेलं हाय. थितला रंग पातळ हाय. मशीन जरा जास्त फिरली तर खालचं अस्तर वर येईल. मुन्नाला म्हणाव, डावं दार मशीननं न्हाई, हातानं कर. पोरगं चांगलं हाय, ऐकंल."

परतताना पप्पांनी मुन्नाच्या फलकासमोर गाडी नेहमीपेक्षाही हळू केली. मी मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दप्तर आपटूनच शेडमध्ये बसले.

"काहून सांगितलं तुमी? मेण चांगलं हाय म्हणायचं ना."

"आन् पाणी? त्याचं तोंड कसं धरू?"

"बॉनेट दाखवायचंच न्हाई."

मावशीनं हातातलं फडकं उलटं केलं, कोरडी बाजू वर आणली आणि पुसत राहिली. मग म्हणाली, "तुझे काका रंग मारायचे ना, तवा रंगाचे डबे घेऊन एक माणूस यायचा. लई गोड बोलायचा. म्या त्याला विचारलं, दादा, ह्या वासानं काही तकलीफ होत न्हाई ना? तो म्हणला, न्हाई ताई, वास येते तेवढाच, काही होत न्हाई. आमी इश्वास ठेवला." फडकं थांबलं. "तवापासून म्या कोणाला काही होत न्हाई असं सांगत न्हाई. जे दिसलं ते सांगते."

रस्त्यानं एक एसटी गेली. धूळ आत येऊ नये म्हणून मावशीनं सवयीनं गोणपाटाचा पडदा सोडला आणि आत अंधार-उजेड झाला.

"मंग आता तुमी काय करणार?"

"शिकायचं हाय मला ते. का न्हाई शिकणार? मेण बी कोणी शिकवलं न्हाई. पण हात बसाया गाडी पाहिजे, आन् गाडी मिळाया हात बसलेला पाहिजे." ती हसली, पण नेहमीसारखं नाही. "कोणाच्या गाडीवर शिकू म्या? लोकांनी पोटाला चिमटा घेऊन गाड्या घेतल्यात. तुझ्या पप्पाच्या गाडीवर शिकू? डावं दार गेलं म्हंजे?"

तिनं हे सहज विचारलं होतं. उत्तर मिळेल म्हणून नव्हे. मी मात्र त्या प्रश्नासकट घरी आले.

घरी येऊन अंगणात मारुतीच्या डाव्या दारापुढे उकिडवी बसले. इतके दिवस मला दोन्ही दारं सारखीच दिसत होती. मी तोंड जवळ नेलं आणि हा केला. वाफ आली, गेली. पुन्हा केला, जरा वर. पुन्हा, हँडलच्या खाली. संध्या सायकलवरून जात होती, ती थांबली आणि म्हणाली, "आता तू बी चाटायला लागलीस का गं?" मी म्हणाले, "व्हय. गुळमट लागते."

रात्री जेवताना पप्पा आईला म्हणाले, "उद्या गाडी मुन्नाकडे टाकतो. मुख्याध्यापकांनाही सांगितलंय, ते पुढच्या आठवड्यात नेतील त्यांची."

आईनं त्यांच्या ताटात भाकरीचा चतकोर वाढला. "डाव्या दाराचं सांगा त्याला आठवणीनं. कमलबाई म्हणाल्यात ना."

मी हात धुऊन आले. माझ्या हातात जत्रेतल्या दोन पितळी बांगड्या होत्या आणि मामानं दिलेली अंगठी. बांगड्या निघाल्या, अंगठीला जरा थुंकी लावावी लागली. तिन्ही वस्तू मी टीव्हीवर, वक्तृत्वाच्या ढालीशेजारी ठेवल्या.

"वैष्णवे, बांगड्या काहून काढून राहिलीस? भरल्या घरात?" आई म्हणाली.

"गाडीला ओरखडे पडतात."

दोघांनीही माझ्याकडे बघितलं. स्पर्धेत उभी राहते तशी मी ताठ उभी राहिले.

"पप्पा, गाडीला पॉलिमरच लावायचं. मावशीनं सांगितलं तसंच. पण उद्या गाडी मुन्नाभाऊकडं जाणार न्हाई, मावशीकडं जाणार. पॉलिमरची बाटली मुन्नाभाऊ विकत द्यायला तयार आहे, मी संध्याकाळीच विचारून आले. मागच्या डिक्कीच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरू करायचं, तिथं कुणाचं लक्ष जात नाही. तिथं जमलं तर पुढं. डावं दार सगळ्यात शेवटी, मावशीच्या हातानं. उरलेलं पुसायला मी आहे. मावशीला अजून माहीत न्हाई. तुम्हीच सांगायचं तिला, मी सांगितलं तर ती नको म्हणेल."

पप्पांच्या हातातला घास तसाच राहिला. "आणि दार बिघडलं तर?"

"तर दसऱ्याला झेंडूचा हार त्याच दारावर टाकू."